पीडित स्त्रीचे साह्यक आणि त्यांची सामाईक वही

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या समाजाने पुष्कळ प्रसंगी उपयोगात आणली आहे. परंतु तिचा सर्वांत निष्ठुर उपयोग कोठे झाला असेल, तर तो घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत होय. सासरच्यांनी मूठ झाकली, माहेरच्यांनी झाकली, शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडचा आवाज ऐकूनही झाकली. आणि अखेर त्या स्त्रीनेही, मुलांच्या तोंडाकडे पाहून, ती झाकूनच ठेवली. २०१९ ते २०२१ ह्या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तीत महाराष्ट्रातील १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. देशभरचा विचार करता, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ७७ जणींनी कोणाची मदत मागितली नाही आणि कोणापाशी अक्षरही काढले नाही, असे त्याच पाहणीत आढळून आले. मदत मागणाऱ्या निघाल्या त्या अवघ्या शेकडा १४.

आजच्या भाषणात विचार करावयाचा आहे तो ह्या शेकडा १४ जणींचा. जी बोललीच नाही, तिचा प्रश्न वेगळा व अधिक अवघड आहे. परंतु जी बोलली, जिने घराचा उंबरठा ओलांडला, तिला पुढे काय भेटते, हे पाहणे सर्वांच्या हातचे आहे. आणि तेथे जी उणीव दिसते, ती द्रव्यबळापेक्षा व्यवस्थेने भरून निघण्याजोगी आहे.

अशी एक स्त्री कल्पनेत आणावी. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, सोयगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यात ती राहते. वय तिशीचे, कडेवर दोन वर्षांची मुलगी, हाताशी दहा वर्षांचा मुलगा. डोक्याला खोक पडली म्हणून ती जिल्ह्याच्या ठिकाणी, छत्रपती संभाजीनगरास येते. रुग्णालयात टाके घातले जातात. कसे लागले, असे घाईघाईने विचारले जाते. ती ‘पडले’ म्हणते आणि कागदावर तेच लिहिले जाते. एका परिचारिकेस संशय येतो. ती पोलीस चौकीकडे बोट दाखविते. चौकीत दुसऱ्या एका कचेरीचे नाव सांगण्यात येते. कचेरीस त्या दिवशी सुट्टी असते. भिंतीवरील कागदावर जो दूरध्वनी क्रमांक लिहिलेला आहे, तो केव्हाच बंद झालेला असतो. कोणी एका आश्रयगृहाचा पत्ता देतो; तेथे गेल्यावर कळते की, बाईस व मुलीस जागा आहे, परंतु दहा वर्षांच्या मुलास तेथे ठेवता येत नाही. प्रत्येक ठिकाणी तिला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. सायंकाळ होते. मध्यवर्ती बसस्थानकावर शेवटची गाडी उभी असते, आणि तिकिटापुरते पैसे पदरास बांधलेले असतात. ती गाडीत बसते.

ह्या कल्पित प्रसंगात कोणीही दुष्ट नाही. परिचारिका कनवाळू होती, शिपाई उद्धट नव्हता, आश्रयगृहाच्या बाईंनी चहासुद्धा दिला असेल. तरीही ती स्त्री, जेथून निघाली तेथेच परत गेली. का? तर प्रत्येकास आपल्या दारापुरती माहिती होती, पुढच्या दाराची नव्हती. मदत होती, पण ती विखुरलेली होती.

पूर्वी ही अडचण वेगळ्या स्वरूपाची होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन स्थापिले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. ह्या संस्था मुख्यतः विधवा व निराश्रित स्त्रियांसाठी होत्या. त्यांच्या काळी दारे फार थोडी होती. परंतु त्या दारातून एकदा आत गेलेल्या स्त्रीस बहुधा दुसरे दार शोधावे लागत नसे. निवारा, अन्न, शिक्षण आणि मायेचा शब्द ही सारी एकाच छपराखाली मिळत. आज दारे अनेक झाली आहेत, हे निःसंशय भाग्याचे आहे. परंतु एका दारातून दुसऱ्या दारी नेणारी वाट मात्र कोणी आखून ठेवलेली नाही.

ही दारे कोणकोणती, ते पाहू. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले आणि पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेतील ८५ व्या कलमाने घेतली आहे. त्या कलमाने छळणाऱ्यास शिक्षा होऊ शकते. पण छळ सोसणारीने त्या रात्री निजावे कोठे, ह्याचे उत्तर त्यात नाही. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसावी, म्हणजे ठाण्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीस आपले मनुष्य भेटेल, ही ती कल्पना. पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. २००० साली मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उभारले. कारण जी स्त्री पोलिसांकडे कधीच जाणार नाही, ती जखम बांधून घेण्यास रुग्णालयात येतेच. मग २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा झाला; तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. २०१५ पासून ‘सखी’ नावाची एकथांबा केंद्रे निघू लागली. तेथे वैद्यकीय मदत, पोलिसांचे साह्य, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि पाच दिवसांपर्यंतचा निवारा एकत्र मिळावा, अशी योजना आहे. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो.

आता एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. २००५ च्या कायद्याच्या ९ व्या कलमात संरक्षण अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. घडलेल्या प्रकाराचा अहवाल तयार करणे, न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्यास साह्य करणे, निवारा मिळवून देणे, वैद्यकीय तपासणी करविणे, ही ठळक कर्तव्ये सर्वांच्या ओठांवर असतात. परंतु त्याच कलमात एक साधेसे कर्तव्य आहे: आपल्या क्षेत्रातील कायदेविषयक साह्य व समुपदेशन देणाऱ्या संस्था, आश्रयगृहे आणि वैद्यकीय सोयी यांची यादी बाळगणे. कायदा करणाऱ्यांनी हे वाक्य विचारपूर्वकच घातले असले पाहिजे. संरक्षणाचा हुकूम मिळविण्यास दिवस लागतात. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. तोपर्यंतची पहिली रात्र त्या यादीवर अवलंबून असते.

ह्या कामासाठी माणसे पुरेशी नेमली गेली नाहीत, हेही खरे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस आदेश दिला की, महिला व बालविकास खात्यातील जिल्हा व तालुका पातळीवरील अधिकारी ओळखून त्यांस संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे. कायदा अमलात आल्यावर अठरा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी असा आदेश द्यावा लागला, ह्यातच सारे आले.

छत्रपती संभाजीनगरापुरता विचार केला, तर येथे एक चांगला पाया घातला गेला आहे. मराठवाड्यातील गोरगरीब ज्यास ‘घाटी’ म्हणून ओळखतात, त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेल्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटना व ‘सेहत’ यांच्या सहकार्याने डॉक्टर व परिचारिका यांस हिंसापीडित स्त्रीशी कसे वागावे, ह्याचे प्रशिक्षण देण्यात आले. तसेच ते मिरज-सांगलीकडेही झाले. ह्या शिकवणुकीत पाच पायऱ्या आहेत: मन लावून ऐकणे, तिच्या गरजांची विचारपूस करणे, तिच्या शब्दांवर विश्वास आहे हे तिला जाणवू देणे, तिची सुरक्षितता वाढविणे, आणि शेवटी तिला पुढचा आधार मिळवून देणे. पहिल्या चार पायऱ्या चढण्यास चांगले मन व थोडे शिक्षण पुरते. पाचवीला मात्र ते पुरत नाही. बाहेर कोठे, कोण, कोणत्या वेळी तिला स्वीकारील, हे परिचारिकेस ठाऊक नसेल, तर चार पायऱ्या चढून गेलेली स्त्री पाचवीवरून पुन्हा खाली येते.

यास्तव गरज आहे ती सामाईक वहीची. ही वही कागदाची असून भागत नाही. कारण कागदावरील यादी ज्या दिवशी छापली जाते, त्याच दिवसापासून शिळी होऊ लागते. अधिकारी बदलतात, क्रमांक बदलतात, संस्थेचे अनुदान थांबते, आश्रयगृह भरून जाते. आंतरजालावर ठेवलेली वही मात्र घाटीतील परिचारिका, सोयगावच्या ठाण्यातील अंमलदार, पैठणची समुपदेशक आणि वैजापूरचा वकील हे सारे एकाच क्षणी उघडून पाहू शकतात, आणि एकाने केलेली दुरुस्ती सर्वांस तत्काळ दिसते. इंग्लंडात हे काम प्रत्यक्ष चालू आहे. लंडनमधील चिझिक येथे १९७१ साली अशा स्त्रियांसाठी पहिले आश्रयगृह निघाले. पुढे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील महिला साह्य संघांनी मिळून ‘रूट्स टू सपोर्ट’ नावाची एक नोंदव्यवस्था उभी केली. कोणत्या आश्रयगृहात जागा रिकामी आहे, ते तेथे नोंदले जाते, आणि ती नोंद साह्य करणाऱ्या कार्यकर्त्यांपुरतीच खुली असते.

आपल्या वहीत काय असावे? केवळ नाव व पत्ता लिहून काम होणार नाही. संस्था किती वाजता उघडते. रात्री दूरध्वनी कोण उचलतो. आज किती जागा रिकाम्या आहेत. मुले सोबत चालतात काय, आणि मुलगा किती वर्षांपर्यंतचा चालतो. गरोदर, आजारी किंवा अपंग स्त्रीची सोय आहे काय. मराठीखेरीज उर्दू, हिंदी वा बंजारा बोली समजणारे कोणी आहे काय. कागदपत्रे नसली तर आत घेतात काय. अशी दहा-बारा प्रश्नांची उत्तरे त्यात हवीत. आणि प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची केव्हा पडताळून पाहिली, तो दिनांक हवा. ज्या नोंदीपुढे दिनांक नाही, तिच्यावर कोणी विश्वास ठेवू नये. कल्पनेतील त्या स्त्रीचा मुलगा दहा वर्षांचा होता. ही एकच ओळ वहीत असती, तर तिला एका दारातून विन्मुख परतावे लागले नसते.

येथवर सर्व ऐकणारे सहज मान डोलावतील. परंतु वही सामाईक करण्याचा उत्साह अंगात आला की, मनुष्य एक पाऊल पुढे टाकतो, आणि तेथेच घात होतो. संस्थांची माहिती एकमेकांस दिली, मग त्या स्त्रीचीही का देऊ नये? तिचा तक्रार अर्ज, तिचे आधार कार्ड, तिच्या जखमेचे छायाचित्र मोबाईलवरील एखाद्या समूहात टाकले, तर सर्वांचे काम सोपे होईल, असे वाटते. हेतू शुद्ध असतो. परंतु त्या समूहात साठ माणसे असतात. त्यांतील कोणी तिच्या दिराचा मित्र असतो, कोणी तिच्या गावचा असतो. तालुक्याच्या गावी बातमीस पाय फुटावयास वेळ लागत नाही. नवऱ्यास तिचा पत्ता कळला, तर जे आश्रयगृह तिचे संरक्षण करणार, तेच तिला गाठण्याचे ठिकाण होऊन बसते. जिने घर सोडले, तिच्या जिवास घर सोडल्यानंतरच्या दिवसांत धोका अधिक असतो, हे ह्या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांस माहीत आहे.

अमेरिकेत हा धडा कायद्यातच लिहिला गेला आहे. तेथे निराश्रितांसाठी अनेक संस्था मिळून एक सामाईक नोंदव्यवस्था चालवितात. २००५ साली स्त्रियांवरील हिंसेविषयीचा कायदा पुन्हा संमत होताना असे ठरविण्यात आले की, पीडित स्त्रियांस साह्य करणाऱ्या संस्थांनी त्यांची ओळख पटविणारी माहिती त्या सामाईक व्यवस्थेत घालू नये. आपल्याकडील २००६ च्या नियमांतही, स्त्रीची इच्छा असल्यास आश्रयगृहाने तिची ओळख उघड करू नये, असे बंधन आहे. म्हणजे दोन देशांनी, वेगवेगळ्या वाटांनी, एकच मर्यादा घातली आहे.

ती मर्यादा थोडक्यात अशी सांगता येईल: साधने सर्वांची, कहाणी तिची एकटीची. कोठे खाट रिकामी आहे, हे साऱ्या जिल्ह्याने जाणावे. त्या खाटेवर कोण निजली आहे, हे तिला निजविणाऱ्याखेरीज कोणी जाणू नये. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेकडे तिची माहिती द्यावयाची झाली, तर तिला विचारून, जेवढी आवश्यक तेवढीच, आणि जिला ती द्यावयाची त्या एकाच व्यक्तीस द्यावी. तिला कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये, हा हेतू ह्याने साधतो आणि तिचा विश्वासही टिकतो. शिवाय आश्रयगृहाचा पत्ता वहीच्या सर्व वाचकांस दिसण्याचे कारण नाही. दूरध्वनी क्रमांक व रिकाम्या जागांची संख्या पुरेशी आहे. तिच्या स्वतःच्या मोबाईलवर संदेश पाठवितानाही, तो नवऱ्याच्या हाती पडू शकतो, हे विसरता कामा नये. १८१ हा क्रमांक तोंडपाठ करविणे हे पुष्कळदा अधिक सुरक्षित.

काही आक्षेप निघतील. आधीच कर्मचारी थोडे. त्यांत वहीचे ओझे कोणी वाहावे? उत्तर असे की, प्रत्येक संस्थेने फक्त आपल्याच ओळी सांभाळावयाच्या आहेत, आणि त्यास आठवड्यातून थोडकी मिनिटे पुरतात. त्या मिनिटांनी निष्फळ हेलपाटे व दूरध्वनी किती वाचतील, त्याचा हिशेब करून पाहावा. दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तो असतो: आपल्या दारी आलेली स्त्री दुसऱ्या संस्थेकडे पाठविली, तर आपल्या कामाचा आकडा कमी दिसेल. ह्यास उपाय म्हणजे अनुदान देणाऱ्यांनी ‘योग्य ठिकाणी पोहोचविली’ हेही काम म्हणून मोजावे. तिसरा प्रश्न राखणदाराचा. वही सर्वांची म्हटली की, ती कोणाचीच राहत नाही. सुदैवाने कायद्याने तो प्रश्न सोडविला आहे: यादी बाळगण्याचे कर्तव्य संरक्षण अधिकाऱ्याचे आहे. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत त्या अधिकाऱ्यांनी दर महिन्यास एकदा प्रत्येक क्रमांक स्वतः फिरवून पाहावा; जो लागत नाही, तो त्याच दिवशी खोडावा.

ह्या शहरास ही शिकवण नवी नसावी. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी नगर वसविले, तेच पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी त्याची नहर आजही येथील लोक अभिमानाने दाखवितात. पाणी डोंगरात पूर्वीही होतेच. अंबराने केले ते इतकेच की, ते तहानलेल्याच्या दारापर्यंत पोहोचेल अशी वाट बांधली, आणि ती वाट झाकलेली ठेवली, म्हणजे कोणी त्यात विष कालवू नये. पण नहर साफ करणारे हात थांबले की पाणी अडते, हेही ह्या शहराने पाहिले आहे.

सोयगावची ती स्त्री कल्पित आहे. तिच्यासारख्या स्त्रिया कल्पित नाहीत. उद्या सकाळी त्यांतील एखादी कोणत्यातरी दारी येईल. त्या दारातील मनुष्यास पुढचे दार ठाऊक असेल, आणि तिचे नाव तो आपल्या ओठांआड ठेवील, तर सायंकाळी सुटणाऱ्या शेवटच्या गाडीत ती दिसणार नाही.